तुमच्या नावातला माझा एम

जाऊबाई,

काल तुमची तेरवी झाली. सव्वाशे माणसं जेवली. लोकांना मी पाचशे सांगते आहे, पण तुमच्यापाशी आकडा फुगवून उपयोग नाही. पत्रावळी तुम्ही मोजून आणायच्या आणि उरलेल्या मोजून ठेवायच्या. आज सकाळी शेवटची गाडी नागपूरकडे गेली, आमचे हे तिच्यातून सगळ्यांना पोचवायला गेले. भाऊजी आतल्या खोलीत आढ्याकडे बघत पडले आहेत. तुमची रश्मी तुमच्या साड्यांच्या घड्या मोडते आणि पुन्हा त्याच घड्या घालते. मी मागच्या व्हरांड्यात आपल्या टेबलाशी बसले आहे. थकले आहे, जाऊबाई. एरवी मी थकले म्हणजे सांगत सुटते, पायांना अशी सूज आली की चपलांनी राजीनामे दिले. आज ते सांगायलाही तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते आहे.

टेबलावर तुमची स्टीलची फुटपट्टी आहे, चिमटा आहे आणि पांढऱ्या गोंदाची बाटली. बाटलीच्या तोंडात तुम्ही खोचलेली टाचणी होती. दोन महिने त्या बाटलीला कोणी हात लावला नव्हता. दुपारी टाचणी काढली तर आतला गोंद तस्साच ओला. माणूस गेलं तरी तुमची शिस्त कामावर हजर. आता माझ्या अंगठ्याला तोच गोंद लागला आहे. पक्का वाळायला चार तास लागतात, हे तुम्ही मला बाटलीवर वाचून किती वेळा सांगितलं असेल. तो वाळतोय तोवर हे लिहून होईल.

काल जेवणं झाल्यावर मला बोलायला उभं केलं. या घरात बोलणारी मंगला आणि करणारी विमल, हे समता कॉलोनीत सगळ्यांना ठाऊक. मी सांगितलं, एका फ्रेमचे कोपरे जुळेनात म्हणून विमलताई तीन दिवस पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. लोकांनी माना डोलावल्या, एका काकूंनी डोळे पुसले. मग सांगितलं, सदर बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात त्या एकदा 'आर' अक्षराचा एकच ठोकळा परत द्यायला गेल्या, कारण तो बाकीच्यांपेक्षा सुतभर जाड होता, आणि दुकानदारानं हात जोडून अख्खा डबा बदलून दिला. यावर सगळे हसले, मंगला फेकते म्हणाले. आता पाण्याची गोष्ट खोटी आणि 'आर'ची खरी. माझ्या खऱ्याला कधी किंमत आली नाही, ती अशी.

आपलं काम कसं सुरू झालं, तेही मी दर ठिकाणी वेगळं सांगितलं आहे. एका भिशीत सांगितलं की रायपूर स्टेशनावर एका साधूनं तुमच्या ओच्यात अक्षरं ओतली. दुसरीत साधूची जोगीण झाली. खरी गोष्ट एवढीशी. रश्मीचा शब्द जुळवायचा खेळ होता, लाकडाच्या चौकोनी ठोकळ्यांवर एकेक इंग्रजी अक्षर. पोट्टी मोठी झाली, डबा माळ्यावर गेला. राज्य नवं झालं, रायपूरची राजधानी झाली, ऑफिसं आली, आणि ऑफिसांमागून आपली नागपूर-अकोल्याकडची माणसं आली. आपण दोघी आलो, तशीच तुमची मावसबहीण आली. तिनं नव्या रायपुरात फ्लॅट घेतला. वास्तूला काय न्यावं कळेना, तेव्हा तुम्ही माळ्यावरून तो डबा काढलात. एका पाटीवर कापड ताणून तिच्या घरच्यांची नावं खेळात लावतात तशी आडवी-उभी, एकमेकांत गुंतवून चिकटवलीत आणि खोलगट फ्रेम करून आणलीत. वास्तूला आलेल्या भांड्यांकडे कोणी पाहिलं नाही. सगळे त्या भिंतीशी उभे राहून आपापलं नाव शोधत होते. महिन्याभरात शेजारच्या फ्लॅटमधली बाई दारात उभी. कोऱ्या भिंती, अनोळखी शेजार, खिडकीतून रिकामे रस्ते. अशा ठिकाणी आपलं नाव लिहिलेलं दिसलं की माणसाला बरं वाटत असावं.

आणि आपल्या लोकांची नावं 'ए' किती खातात! डब्यात 'ए' नऊ आणि 'ई' बारा. एका घरात आशा, अनिता, आकाश निघाले की 'ए'चा दुष्काळ आणि 'ई'चा सुकाळ. उरलेल्या 'ई' तुम्ही लोणच्याच्या बरणीत साठवल्यात. बरणी भरल्यावर त्यांच्या गरम भांड्याखाली ठेवायच्या बैठका केल्यात. आपल्या घरातली डाळ गेली आठ वर्षं 'ई'वर बसते आहे.

तुमचा एक नियम होता. आधी सगळी नावं कोरडी मांडायची, गोंदाशिवाय. मग घरच्यांना बोलवायचं. ज्याच्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर ज्यानं त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं दाबून चिकटवायचं, बाकीची आपण लावायची. दुसऱ्याचं पहिलं अक्षर कोणी लावायचं नाही. तान्हं मूल असेल तर त्याचा अंगठा धरायचा. लहानांनी आधी, घरातल्या मोठ्यानं शेवटी. मी वैतागले होते. एकेका घरातली माणसं गोळा करायला आठवडे जायचे.

"काहून इतका खटाटोप?" मी विचारलं.

"भिंतीवर लटकायचं आहे माणसाले," तुम्ही चिमटा न थांबवता म्हणालात. "ज्याचं त्यानं कबूल तं केलं पाहिजे."

खटाटोप तुमचा आणि गिऱ्हाईक गुंतवून ठेवायचं काम माझं. पंडरी बाजारातल्या कापडवाल्या सरलाबाई आठवतात? प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात बारीक आकडा असतो, खेळातले गुण. आजवर कोणी तिकडे पाहिलं नव्हतं. या बाईनं चष्मा चढवला आणि बेरीज केली. सुनेचं नाव पूजा, आणि त्यातला 'जे' एकटाच आठाचा.

"बहू के तेरह, और मेरे पाँच?" सरलाबाईंचा आवाज चढला. "ये कौन सा न्याय है?"

पूजा पदर चावायला लागली. तुम्ही फुटपट्टीकडे असं बघत राहिलात, जणू तिच्यावर उत्तर लिहिलं आहे. मी म्हटलं, "दीदी, ये पाप के नंबर हैं. जिसके कम, उसका ऊपर का रास्ता साफ."

"हव?" खरंच का, अशा सुरात त्यांनी विचारलं.

"हव तो! पाँच से कम तो मैंने किसी के देखे नहीं."

सरलाबाईंनी सुनेकडे अशा दयेनं पाहिलं की मलाच कसंतरी झालं. पुढच्या आठवड्यात पंडरीतून दोन बायका आल्या, हमको भी कमवाले लगा दो म्हणून. तुम्ही तोंड धुवायचं निमित्त करून मोरीवर गेलात. नळ चालू होता, पण तुमचे खांदे हलत होते, मी पाहिलं. बाहेर आलात तेव्हा चेहरा पुन्हा ठाणेदाराचा.

"मंगला, लोकायले फसवत नको जाऊ."

"मी कुठं फसवलं? फ्रेम तं खरी आहे ना?"

"फ्रेम खरी आहे म्हणूनच खोटं बोलायचं काम नाही."

हे आपलं सगळ्यांत जुनं भांडण, आणि यात मी कधी जिंकले नाही. पण त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर तुम्हीच हळूच आपल्या दोघींची बेरीज केलीत. विमलचे दहा, मंगलाचे दहा. माझी अक्षरं सात, तुमची पाच, तरी बरोबरी.

"पहा," मी म्हटलं, "तुम्ही कमी अक्षरांत तेवढंच पाप करून मोकळ्या झाल्या."

तेव्हा मात्र तुम्ही मोरीपर्यंत पोचू शकला नाहीत.

आता त्या दुसऱ्या भांडणाकडे येते. टाळत होते.

रश्मीचं लग्न ठरलं. तुम्ही म्हणालात, "लोकायची नावं लावू लावू बोटं झिजली आणि आपली भिंत कोरी. पोट्टी जायच्या आधी आपली करू." वरती आडनाव, बोरकुटे. देवाची कृपा, त्यात 'ओ' पण आहे आणि 'ई' पण. खाली दोन्ही भावांची घरं. तुम्ही चार दिवस मला टेबलाशी येऊ दिलं नाहीत. रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलंत, पोह्यांच्या बशा फिरल्या. आधी पोरांनी आपापलं अक्षर दाबलं. भाऊजींना थांबवेना, त्यांनी पाळी मोडून मधेच दाबलं आणि तुम्ही डोळे वटारलेत. आमच्या ह्यांनी, मोहनच्या 'एम'वर, इतक्या जोरात दाबलं की गोंद चहूबाजूंनी बाहेर आला. मग माझी पाळी. मी माझं अक्षर शोधते आहे, शोधते आहे, आणि ते नाहीच.

"जाऊबाई, माझा एम कुठं आहे?"

"हा काय." तुम्ही चिमट्यानं दाखवलंत. तुमचं नाव आडवं मांडलं होतं. त्याच्या बरोबर मधल्या 'एम'पासून माझं नाव खाली उभं सुटलं होतं. तुमचं मधलं अक्षर तेच माझं पहिलं.

"म्हणजे मी तुमच्यातून लोंबकळू?"

"लोंबकळून नाही राहिली. जोडून राहिली."

"मले वेगळा एम पाहिजे."

"डब्यात एम दोनच येते. एक मोहनले गेला."

"दुसरा डबा फोडा."

"एका अक्षरासाठी?"

"हो, एका अक्षरासाठी! लोकांच्या नावासाठी तुम्ही सदर बाजार पालथा घालता. माझ्यासाठी डबा फुटत नाही?"

सगळे पोहे खायचे थांबले. तुम्ही सगळ्यांकडे पाहिलंत, मग पाटीकडे. "असंच चांगलं दिसते," एवढंच म्हणालात. भाऊजी म्हणाले, मंगला, लाव ना गं. मी अंगठा पदराला पुसला आणि उठून गेले. मागून तुम्हीही तुमचा 'व्ही' लावला नाहीत. मोठ्यानं शेवटी लावायचं, आणि शेवट आलाच नव्हता. तुम्ही बाकीची अक्षरं पक्की केलीत, फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळलीत आणि कपाटामागे उभी केलीत. तुमच्या नावात दोन खड्डे, माझ्या नावाला डोकं नाही. रश्मी सासरी गेली ती भिंत कोरी ठेवूनच.

तेव्हा सांगितलं नाही ते आता सांगते. मी या घरात आले त्या दिवशी तुम्ही तुमच्या कपाटातला एक खण मला रिकामा करून दिलात. माहेरून आणलेली माझी पातेली तुमच्या पातेल्यांत बसवून ठेवलीत, जागा वाचते म्हणून. माझं लहान पातेलं तुमच्या मोठ्याच्या पोटात, ते कालपर्यंत तिथंच होतं. भाजीवाला मला 'विमलबाई की देवरानी' म्हणायचा. भिशीत माझं नाव तुमच्या नावाखाली. तुम्ही प्रेमानं केलंत सगळं, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणून तर तोंड उघडता येत नव्हतं. जिनं जागा दिली तिच्याशी जागेवरून कसं भांडायचं? एवढी बोलकी बाई मी, आख्ख्या पंडरीला पाप-पुण्य शिकवलं, आणि ही साधी गोष्ट मला बोलता आली नाही. ती त्या एका ठोकळ्यावर येऊन अडकली. वाटलं, सात अक्षरांतलं एक तरी माझं एकटीचं असू दे.

सहा वर्षं. आणि आपला अबोला होता असं कोणी म्हणेल तर मी त्याच्या तोंडावर हसेन. आपण रोज या टेबलाशी समोरासमोर बसलो. तुमच्या कंबरेला मी तेल लावलं, माझ्या मोतीबिंदूला तुम्ही थेंब घातलेत. दिवसभर तोंड चालू असायचं, माझं. फक्त कपाटामागं काही आहे असं दोघींपैकी कोणी म्हणालं नाही. झाडताना तुम्ही तेवढी जागा झाडायच्या आणि मी तेवढी सोडायची.

मग ती म्हातारी बाई आली. आपल्याच गल्लीतली, रेल्वेतून रिटायर झालेल्या गृहस्थांची बायको. मालक जाऊन महिना झाला होता. तिला नातवंडांसकट सगळ्यांची फ्रेम हवी होती, आणि त्यात मालकही. नियम ऐकल्यावर तिनं विचारलं, "इनका वाला कौन चिपकाएगा?"

तुमच्या नियमात गेलेल्या माणसाची सोय नव्हती. ती बाई तुमच्या तोंडाकडे बघत होती आणि तुम्ही फुटपट्टी उलटी-सुलटी करत होतात. मला ते बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "अम्मा, हमारे वऱ्हाड में रिवाज है. जानेवाले का अक्षर वो लगाता है जिसका उससे झगड़ा बाकी रह गया हो."

बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "तो दुर्ग से देवर को बुलाना पड़ेगा. बारह साल से दोनों भाई बोले नहीं. काठी के टाइम, जब अर्थी उठी, तब भी दरवाजे पर खड़ा रहा, अंदर नहीं आया."

तो आला. स्कूटरवरून, भर उन्हात, डोक्याला गमछा. टेबलाशी बसला, ठोकळा हातात घेतला, आपल्याला दोघींना विचारलं, "भैया ने कुछ कहा था क्या मेरे बारे में?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तुम्ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलात. त्यानं अक्षर ठेवलं, अंगठा दाबला आणि उचलेना. पाच मिनिटं तरी तसाच. मी पुढे सांगताना त्याचा अर्धा तास केला. सदर बाजारात पोचेपर्यंत त्याचे दोन तास झाले आणि गोंदात अश्रू मिसळल्यानं फ्रेम उन्हाळ्यातही थंड राहते, इथपर्यंत गोष्ट गेली.

तो गेल्यावर तुम्ही दार लावलंत.

"कोणत्या वऱ्हाडात आहे हा रिवाज? मी अकोल्याची आहे."

"आत्ता निघाला."

"तू आज रिवाज पैदा केला, मंगला."

"मग? बिचारा कसा रडला, पाहिलं ना? खोट्यानं काही वाईट झालं का?"

मला वाटलं आता नेहमीचं व्याख्यान. तुम्ही गोंदाच्या बाटलीत टाचणी खोचलीत, कपाटाकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "रिवाज काढला का मग पाळा लागते. काढणाऱ्यालेही."

मी हसण्यावारी नेलं. मला तेच येतं.

दवाखान्यातलं फार लिहीत नाही. तुम्हाला बोलता येत नव्हतं आणि मला गप्प बसता येत नव्हतं, असा सगळा मामला. शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या पोटातून डॉक्टरांनी चांदीचा चमचा काढला, अशी एक रचली. तुमच्या ओठाचा एक कोपरा हलला. शेवटच्या आदल्या दिवशी तुमचा उजवा अंगठा चादरीवर एकाच जागी दाबत होता. दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा. मला वाटलं दुखतंय. मी धावत जाऊन नर्सला बोलावून आणलं. नर्सनं सलाईन तपासलं. मी एवढी शहाणी, मी सलाईनकडे बघत बसले.

आज दुपारी, घर रिकामं झाल्यावर, रश्मीनं कपाट पुढं सरकवलं. चादर सोडली आणि फ्रेम टेबलावर ठेवली. भाऊजी उठून आले. तिघं उभे.

"मम्मी का 'व्ही' लगाना है," रश्मी म्हणाली. तुमची लेक मराठीत ऐकते आणि हिंदीत बोलते, तुम्ही गेल्या म्हणून काही फरक पडला नाही. "पापा, आपका कुछ झगड़ा बाकी है क्या?"

जाऊबाई, मी हसणार होते. मग दिसलं की ती गंमत करत नाही. माझ्या थापेतला रिवाज या घरात खरा होऊन बसला होता.

भाऊजींनी बराच विचार केला. "माझं कसं बाकी राहीन?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी दर वेळी पहिल्याच वाक्यात हरलो."

"मेरा भी हॉस्पिटल में मम्मी का हाथ पकड़के सब क्लियर हो गया," रश्मी म्हणाली. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

रश्मीनं माझ्या हातात आगपेटी दिली. तुमच्या शिवणाच्या डब्यात होती म्हणे. "मम्मी ने उसी हफ्ते रखी थी, मेरी शादी के पहले. बोली थी, काकी माँगेगी तो देना. आपने माँगी ही नहीं."

उघडली. आत एक 'व्ही'. आणि दोन 'एम'.

दोन, जाऊबाई. म्हणजे तुम्ही डबा फोडला होता. त्याच आठवड्यात. पाटीवर खालच्या कोपऱ्यात एक पूर्ण नाव मावेल एवढी जागा कोरी होती, तीही मी आज पहिल्यांदा नीट पाहिली. सहा वर्षं ती आगपेटी माझ्यापासून चार हातांवर होती. मी त्याच डब्यातून सुया घेतल्या, दोरा घेतला, बटणं घेतली. एकदा तोंडानं म्हटलं असतं तर? आणि तुम्ही तरी? एवढ्या हिशोबी बाई, एवढं एक वाक्य वाया घालवलं असतंत तर काय बिघडलं असतं! मला राग आला, खरंच आला. तुमच्या फोटोला हार आहे, समोर दिवा आहे, आणि मी त्या फोटोकडे बघून म्हटलं, "काहून नाही सांगितलं?" भाऊजी दचकले. त्यांना वाटलं मी त्यांना विचारते आहे. "मले काय माहीत?" म्हणाले. पुन्हा हरले.

मग मी बसले आणि डोकं चालवलं, आणि इथंच तुमची फजिती केली आहे, ऐका. तुमच्या नियमानं मी आधी आणि तुम्ही शेवटी. पण माझ्या रिवाजानं तुमचा 'व्ही' लावायला भांडण बाकी असलेलं माणूस पाहिजे. मी जर 'एम' आधी लावला तर भांडण तिथंच मिटतं, आणि मग तुमचं अक्षर लावायला घरात माणूसच उरत नाही. तुम्ही दोन नियमांच्या मधे लटकल्या असत्या, जन्मभर.

म्हणून तुम्हाला आधी लावलं. राग होता तोवर. अंगठा दाबून धरला, किती वेळ ते सांगत नाही, कारण मी सांगितलेला वेळ कोणी धरत नाही. मग हाताशी दोन्ही 'एम' घेतले. तो कोरा कोपरा पाहिला. चांगली जागा होती, खरं सांगते, ऐसपैस. थोडा वेळ 'एम' तिथं कोरडाच मांडून पाहिला. मग एक 'एम' उचलला आणि तुमच्या मधल्या खड्ड्यात ठेवून दाबला. तुमचं नाव आडवं भरलं, माझं खाली भरलं. तुम्ही म्हणालात ते खरं, असंच चांगलं दिसतं. पण हे तुम्ही मला आगपेटी दाखवून म्हणायला पाहिजे होतं.

दुसरा 'एम' पदराच्या गाठीत आहे. तो कुठं लावणार नाही. माझा वेगळा एम आहे, माझ्यापाशी आहे, एवढं मला पुरे.

भाऊजी पुन्हा जाऊन पडले. रश्मी साड्यांपाशी गेली. मी फ्रेमसमोर बसले आहे. बाजूला माझ्या पातेल्यात चहा उकळतो आहे, लहान्या पातेल्यात, तुमच्या मोठ्याच्या पोटातून आज काढलं. दोन कप ठेवला होता, सवयीनं. दोन्ही मीच पिणार आहे.

तुमचा 'व्ही' जरा वाकडा बसला आहे. डावीकडं कलतो. फुटपट्टी हाताशी होती, लावून पाहिली नाही मी. तुम्हाला सहन होणार नाही, ठाऊक आहे. गोंद अजून तासभर ओला आहे. सरळ करायचा असेल तर या.